छत्री धरणारे वकील

घरच्या पुढारीणबाईंना,

मी ठणठणीत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

आपलं सरकार या परक्या देशाशी करत असलेल्या गुंतवणूक कराराविरुद्धचा तुमचा मोर्चा इथल्या पेपरात झळकला. उद्या आपण इथल्या कंपन्यांना नदीचं पाणी नाकारलं, तर त्या आपल्याच सरकारकडून भरपाई उकळतील, हे तुझं म्हणणं मला पटतं. पण फोटोत तुझ्यावर छत्री धरणारे ते काळ्या कोटातले वकील कोण? इतकं खेटून उभं राहायची काय गरज होती?

कारखान्यात मी ऐटीत सांगितलं, "ही माझी बायको!"

मुकादम म्हणाला, "आणि शेजारी तू? कोटात रुबाबदार दिसतोस की!"

"हो, मीच," म्हटलं आणि मशीनकडे वळलो.

लढा सोडू नकोस. घसा जप.

तुझा एकुलता एक नवरा