आईच्या उशाशी अलार्म

जुबैल, सौदी अरेबिया

चि. अवधूत,

आशीर्वाद पुढच्या वेळी. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड किती सोडला की गांजाची रोपं फोफावतात, हे तू मला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतोस? सौदीत? इथे असल्या धंद्याला मुंडकं उडवतात, गाढवा!

प्लांटवर मी गॅसचीच सेफ्टी बघते. या गॅसला वास नसतो, तो जमिनीलगत साचतो. आणि तुझ्या त्या खोलीशेजारी आई खाली गादीवर झोपते. सकाळी तिचं डोकं जड असतं म्हणे. कधीपासून रे?

सुट्टीवर घरी निघालेल्या आमच्या प्लांटवरच्या टिपणीसांबरोबर हे पत्र आणि गॅसचा अलार्म पाठवतेय. तो तिच्या उशाशी ठेव. वाजला की बाहेर पळायचं आणि मला नाही, पोलिसांना फोन करायचा, हे मी तिला सांगून ठेवलंय.

अजून तरी तुझीच,
ताई