अक्काच्या गाण्यातल्या रिकाम्या जागा

गुलबर्गा,
५ डिसेंबर २०१०

चि. रविकुमार यास,

मंगलमावशीचे आशीर्वाद. इकडे थंडी बेताची आहे. तुझ्या आईची जखम भरत आली. गळ्यातल्या नळीची सवय तिला झाली, मला अजून नाही. काल अर्धी वाटी पातळ आंबील घेतली. तुझ्या लग्नाला किती दिवस राहिले ते रोज सकाळी बोटांवर मोजून दाखवते आणि मी मान डोलावली नाही तर पुन्हा मोजते. बोलायचं असलं की स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवते. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. दिवसभरात ‘नाही’च जास्त ऐकू येतं.

आता मुद्द्याचं. तुझी यादी मिळाली. वर लिहिलंस, ‘घरच्या रेकॉर्डिंगसाठी स्वस्तातले इक्वलायझर आणि कॉम्प्रेसर’, आणि खाली सात नावं. पुण्यात स्वस्त हा शब्द कोणत्या अर्थानं वापरतात? पहिल्या नावाची किंमत डॉलरमध्ये. रुपये करून पाहिले तर माझी महिन्याची पेन्शन गेली. बरं, पैसे मोजून हातात काय येतं? डबा नाही, वायर नाही. पडद्यावर घुंड्यांचं चित्र! ते चित्र माऊसनं फिरवायचं.

दुसरं नाव ‘चौदा दिवस फुकट’ म्हणून उतरवून घेतलं. फुकटची गंमत अशी की दर पाऊण मिनिटानं ते मुद्दाम ‘फस्स’ असा आवाज काढतं, म्हणजे आपण कंटाळून पैसे भरावेत. मला हे ठाऊक नव्हतं. मी दोनदा उठून तुझ्या आईची नळी तपासली. चौदा दिवस सोड, चौदा मिनिटांत काढून टाकलं.

मग स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरवाल्या बंडेप्पाला विचारलं. तो म्हणतो, “म्याडम, पैसे कामून घालवायलात? सातीच्या साती माझ्याकडं हाईत. आत्ता टाकून देतो.”

“चोरीचे?”

“चोरीचे कामून म्हणता? सगळी दुनिया वापरायलीय.”

“मग दुनियेला माझ्या घरात आणू नकोस,” म्हटलं आणि उठले. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी दुसरं काही शिकवलं नसेल, पण परीक्षेत शेजारणीच्या वहीत बघायचं नाही एवढं नक्की शिकवलं.

रवी, एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसले आहे. ट्रंक कॉलवर माणसाच्या आवाजाचा मधला भाग तेवढा पोचतो, वरचा आणि खालचा वाटेत गळतो. तरीही आई पोराला ओळखते. तेव्हा इक्वलायझर म्हणजे आवाजाचा कुठला भाग चढवायचा, कुठला उतरवायचा, हे मला समजावायला दोन पानं खर्चू नकोस. आणि कॉम्प्रेसर म्हणजे ओरडणाऱ्याला दाबायचं, पुटपुटणाऱ्याला वर आणायचं. ते तर मी रोज करायचे, “साहेब, हळू बोला, मुंबईला तसंही ऐकू जाईल,” असं सांगून.

मला एवढंच साधं उत्तर हवं होतं, की रेकॉर्डिंगच्या फुकट प्रोग्रॅममध्ये जे इक्वलायझर आणि कॉम्प्रेसर आधीपासून आहेत, ते पुरतात की नाही? तू ते सोडून सगळं लिहिलंस. मीच वापरून पाहिले. पुरतात. पंख्याची घरघर खालून कापली, तुझ्या आईचा, माझ्या अक्काचा, ‘स’ कानात टोचत होता तो थोडा उतरवला.

सोबत सीडी पाठवते. त्यात जसंच्या तसं रेकॉर्डिंग आहे आणि मी साफ केलेलंही. तुझ्या स्टुडिओत एकदा नीट ऐक, राहिलेलं दुरुस्त कर, हळदीच्या दिवशी लावायची सीडी करून पाठव. उगाच सजवू नकोस. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर तुझी आई रडली नाही, मला म्हणाली, “रवीच्या हळदीला म्या काय मुकी बसू व्हय? तुझ्या मशीनीत भर की गं.” म्हणून कोठीच्या खोलीत चारी भिंतींना आमच्या अप्पांची घोंगडी टांगून दोन दिवसांत नऊ गाणी भरली. तिचा एवढाच आवाज आता जगात आहे.

फोन करू नकोस. लोकांचं इतकं ऐकलं आहे की स्वतःचं काही मी तारेवर घालत नाही.

तुझी,
मंगलमावशी

*

गुलबर्गा,
२७ डिसेंबर २०१०

चि. रविकुमार,

आशीर्वाद आहेत, पण आज शोधावे लागले.

तुझी सीडी मिळाली. माझं रेकॉर्डिंग अठ्ठावीस मिनिटांचं होतं. तुझं सोळा मिनिटांचं आहे. बारा मिनिटं कुठे गेली? तुझ्या चिठ्ठीत लिहिलं आहेस, “मावशी, दोन ओळींच्या मध्ये आई दम घ्यायला फार थांबते. कॉम्प्रेसर लावल्यावर त्या जागांमध्ये कुणाचा तरी श्वास ऐकू येतो, म्हणून जागाच कापून टाकल्या. आता कसं घट्ट झालंय.”

घट्ट? गाणं आहे की पिठलं?

तुझी आई दम घेत नव्हती रे. आमच्या घरची हळदीची गाणी एकटीची नसतात. एकीनं विचारायचं, दुसरीनं सांगायचं.

मांडवाच्या दारी कोण गं उभी?

हे पहिलीनं म्हटलं की दुसरी सांगते, कोण उभी आहे, कुठून आली, तिच्या हातात काय आहे. तुझी आई विचारणारी. प्रत्येक ओळीनंतर तिनं जागा सोडली आहे ती सांगणारीसाठी. तुझ्या सीडीवर आता सोळा मिनिटं नुसते प्रश्न आहेत, एकामागून एक. हळदीचा मांडव आहे की पोलीस चौकी?

तुला हे माहीत नसावं याचा आधी राग आला. मग हिशोब केला. तू सहा वर्षांचा असल्यापासून त्या जागा रिकाम्याच ऐकल्या आहेस. तुझा दोष अर्धाच.

सीडी अक्काला ऐकवली ही माझी चूक. पहिल्या गाण्याला ती वाटी हातात घेऊन नीट बसली. तिसऱ्या ओळीला उजवा हात वर केला, थांबा, अशा अर्थी. गाणं कुठलं थांबतं! पुढचा प्रश्न आला, त्याच्या पुढचा आला. ती तसाच हात धरून बसली. मग उठून गेली. वाटी वाजवली नाही. संध्याकाळपर्यंत एकदाही वाजवली नाही.

तिला पाटी आणून दिली होती मी, लिहून सांग म्हणून. आणल्यावर आठवलं, तिला लिहिता येत नाही. कामून येत नाही, ते तुला कधीतरी सांगेन.

श्वासाचं म्हणशील तर तो पंखा असेल. किंवा शेजारचा कुकर. मी तिथे मशीन सांभाळत होते, माझं लक्ष नव्हतं. तू फक्त जागा परत घाल. जेवढ्या होत्या तेवढ्या, सेकंदाचाही फरक नको.

मावशी

*

गुलबर्गा,
१८ जानेवारी २०११

चि. रविकुमार,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं. क्षमा मागितलीस ते ठीक. पण पुढे जे सुचवलं आहेस ते वाचून चष्मा काढून ठेवला. “रिकाम्या जागांमध्ये सनईचा तुकडा भरू का? की स्टुडिओतल्या एखाद्या गायिकेकडून उत्तरं म्हणवून घेऊ?”

नको. सनई नको, गायिका नको. ती जागा कुणाची आहे ते आता सांगते. हे लिहायला तीन कागद फाडले आहेत, तेव्हा नीट वाच.

आमचे अप्पा, म्हणजे तुझे आजोबा धुळाप्पा, मेंढरं विकून गुलबर्ग्याला आले आणि कॉन्व्हेंटच्या फाटकावर राखणदार झाले. तिथल्या मोठ्या सिस्टरनी सांगितलं, तुमच्या एका मुलीला फी न घेता घेऊ. अक्का दहाची होती, मी सहाची. अप्पांनी अक्कालाच न्यायचं ठरवलं होतं. अक्का म्हणाली, “मंगल जाऊ दे. मला मेंढरं वळाया येतात, तिला काय येतंय?” ती चुलत्यांच्या मेंढरांमागं आपल्या गावी, मुडबीला परत गेली. मी गणवेश घालून आत गेले. घरात हे कुणी बोलत नाही, कारण अक्कानं बोलू दिलं नाही.

तरी सुट्टीत मी मुडबीला आले की गाणी आमची दोघींची. आमच्या आईनं जोडीनंच शिकवली होती. ती विचारायची, मी सांगायची. चुकले की पाठीत धपाटा.

मग तुझ्या रूपाताईचं लग्न. एकोणीसशे नव्वद, तू सहा वर्षांचा. माझ्या ऑफिसातल्या चौघी आणि आमच्या सुपरवायझर बाई जीप करून मुडबीला आल्या होत्या. मी कोसा सिल्क नेसून त्यांच्यात खुर्चीवर बसले होते. अक्कानं हळदीला सुरुवात केली, मांडवाच्या दारी कोण गं उभी, आणि माझ्याकडे बघितलं. सुपरवायझर बाईंनी विचारलं, “तुम्हालाही येतात का ही गाणी?” मी इंग्रजीत म्हटलं, नाही हो, हे सगळं माझ्या बहिणीचं. अक्काला इंग्रजी येत नाही. पण तोंड फिरवलेलं कळायला भाषा कशाला लागते?

बाकीच्या बायका उत्तर द्यायला पुढे झाल्या. अक्कानं उजवा हात वर केला. “ऱ्हाऊ द्या गं. ती जागा मंगलची हाय.” मग सगळी गाणी एकटीनं म्हटली, जागा सोडत सोडत. त्या दिवसापासून वीस वर्षं मुडबीतल्या प्रत्येक हळदीला ती तशीच म्हणत आली. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर मी भांडले असते, आणि भांडण मला जमतं.

ऑपरेशनच्या आधी कोठीच्या खोलीतही तिनं प्रत्येक ओळीनंतर माझ्याकडे बघितलं. मी मशीनच्या लाल दिव्याकडे बघत होते. तू कॉम्प्रेसर लावून जो श्वास वर आणलास तो पंखा नव्हे, कुकरही नव्हे. तो माझा. दर वेळी तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं होतं ते फक्त मलाच माहीत आहे. कसलं यंत्र आहे रे ते, माणसाला गुपचूप भित्रंसुद्धा राहू देत नाही?

तुझं पत्र वाचून परवा सकाळी मी जसंच्या तसं रेकॉर्डिंग स्वयंपाकघरात लावलं. अक्का तुरी निवडत होती. पहिला प्रश्न गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला मी म्हटलं,

नवऱ्याची मावशी, लांबून आली.

आवाज फाटला. अक्कानं मान वर केली नाही. चमचा घेतला आणि वाटीवर दोनदा वाजवला. नाही!

मी म्हटलं, “काय न्हाई?”

तिनं सीडीकडे बोट केलं, माझ्याकडे केलं, मग दोन्ही तळव्यांमध्ये वीतभर अंतर धरलं. मी उशिरा घेतलं होतं. पुन्हा लावायला लावलं. पुन्हा दोनदा. आता मी घाई केली होती. नऊ वेळा, रवी! माझ्या पासष्टीत मला नऊ वेळा परत पाठवलं त्या बाईनं, आणि मध्ये तुरीतले खडे काढत होती. दहाव्या वेळी एकदा वाजवला. मग उठली, जवळ आली आणि पाठीत धपाटा घातला.

तेव्हा स्टुडिओच्या साहेबांनी आता ऐकावं. अक्काच्या आवाजाला माझ्या फुकटच्या इक्वलायझरनं जेवढं केलं आहे तेवढं पुरे. कॉम्प्रेसर पूर्ण काढून टाक. तिचा आवाज जिथे खाली जातो तिथे त्याला खाली जाऊ दे. जागा जशाच्या तशा. माझा श्वासही पुसू नकोस, त्यावरूनच मला कळतं कधी घ्यायचं.

हळदीच्या दिवशी स्पीकर मांडवाच्या खांबाला बांध. मला माईक नको. माझ्या ऑफिसातल्या त्या चौघींपैकी तिघी आहेत अजून. त्यांना मी स्वतः आमंत्रण दिलं आहे, सुपरवायझर बाईंनाही. खुर्च्या पुढच्या रांगेत ठेव. त्यांच्यात माझी खुर्ची ठेवू नकोस. मी अक्काशेजारी खाली बसणार आहे, घोंगडीवर. गुडघे दुखतील, उठताना दोघं लागतील, त्याची सोय तू बघ.

सीडी लवकर पाठव. सराव कच्चा आहे, आणि समोर वाटी घेऊन बसली आहे.

तुझ्या आईच्या मागं म्हणणारी,
मंगल