डेल्मरचं छोटं रिव्हॉल्व्हर

१४ मे
बंदुकांच्या दुकानातून हात हलवत परत आले. गुलाबी मूठ! त्रेसष्टाव्या वर्षी मला गुलाबी मुठीचं रिव्हॉल्व्हर दाखवतो. "मावशी, पर्समध्ये अलगद बसेल." साप माझ्या खुराड्यात शिरलाय, पर्समध्ये नाही — तोंडावर म्हटलं. मालक हॉबर्ट खांद्याच्या ऑपरेशनसाठी गेलाय, तोवर हा ड्वेन गल्ल्यावर. आधी पिस्तूल दिलं. त्याचा वरचा भाग मला मागे ओढवेना, बोटांच्या सांध्यांत जीव नाही. तर म्हणे, "घरात कुणी पुरुषमाणूस नाही का?"

होता. डेल्मरला मार्चमध्ये पुरलं.

१५ मे
खुराड्यात आज एकच अंडं. तेही फुटलेलं.

१९ मे
आमच्या खोऱ्यात रीत आहे — बाई नवऱ्याला पुरून परतायच्या आत दिरानं घरातल्या बंदुका उचलून न्यायच्या. दुःखात तिच्या हाताशी नकोत म्हणून. महिन्याभरानं परत आणायच्या. माझ्या दिरानं, व्हर्लिननं, एप्रिलात आणल्या. दोन रायफली, एक शॉटगन. डेल्मरचं पॉइंट बावीसचं छोटं रिव्हॉल्व्हर नाही! मोज्यांच्या खणात असायचं, फडक्यात गुंडाळलेलं. "तिथं नव्हतंच, वहिनी." एवढंच बोलला, तेही नजर चुकवून. चोराची नजर अशीच असते. वर आता सांगतो, "साप दिसला की हाक मार, मी येतो." म्हणजे भावाच्याच रिव्हॉल्व्हरनं येऊन मारणार! शॉटगन चालवली तर साप राहील आणि खुराडं उडेल. माझा खांदाही.

नको त्याचं काही. माझं मी घेईन. पहिलंवहिलं.

२२ मे
ग्रंथालयातून हत्यारांवरचं जाडजूड पुस्तक आणलं. शाळा आठवीत सुटली, वाचन नाही सुटलं. दोनदा वाचलं. नुसता चाप ओढून घोडा उठतो त्या जातीत चाप फार जड, पॉइंट बावीसमध्ये तर जास्तच. मला हवं जुन्या धाटणीचं — घोडा अंगठ्यानं मागे ओढायचा, मग चाप हलका. काडतुसं एकेक करून भरावी लागतात. लागू देत. मला कुठं जायचंय? धक्का जवळजवळ नाही. सापासाठी बारीक छर्र्यांची काडतुसं मिळतात. आणि नव्यांमध्ये हेच स्वस्त, पेन्शनीत बसतं. ड्वेनला यातलं एक अक्षर सांगता आलं नाही.

डेल्मरचं याच धाटणीचं होतं. बेचाळीस वर्षं एका घरात, पण मी कधी हातात घेतलं नाही. इथं मुलगा बारा वर्षांचा झाला की बाप त्याला पहिली बंदूक देतो. आम्हांला दिली भांडी.

२६ मे, रविवार
थडगी सजवायचा दिवस. कबरींवर फुलं, टेकडीवरच पंगत, सगळं गोत जमलेलं. व्हर्लिननं माझ्यासाठी ताट वाढून आणलं — कोंबडी, घेवडा, मक्याचा पाव. "खाऊन घे, वहिनी."

मी मोठ्यानं म्हणाले, "मेलेल्या भावाच्या खणात घातलेल्या हातचं मी खात नाही!"

त्याची बायको रडायला लागली. "अहो, सांगा ना काहीतरी!" तो ताट धरून उभाच. मग म्हणाला, "बरं, वहिनी."

मोकळं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. पण खोटं काय बोलले?

१ जून
हॉबर्ट परतलाय, हात झोळीत. मी सांगितलं तेच रिव्हॉल्व्हर त्यानं मुकाट काढून दिलं. घोडा ओढून पाहिला — अंगठ्याला जमलं! फॉर्म भरता भरता व्हर्लिनच्या चोरीचं बोलले. हॉबर्टनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. खरेदीचं रजिस्टर उघडून माझ्यापुढं फिरवलं.

गेला ऑक्टोबर. डेल्मरची सही, वेडीवाकडी. खाणीतला कोळसा फुप्फुसात बसला होता, बसून झोपायचा त्या दिवसांतली.

"विकून गेला मला," हॉबर्ट म्हणाला. "म्हणाला, ओलेटा माझ्या औषधाच्या गोळ्या मोजून ठेवते. हे मोजायचं तिला सुचलेलं नाही. घरात राहिलं तर एखाद्या पहाटे माझा धीर सुटेल."

त्यानंतर पाच महिने जगला. तसल्या श्वासावर! आणि मी त्याला म्हणायचे, जरा नेट लाव.

रिव्हॉल्व्हर न घेताच आले.

२ जून
डेल्मरला तर ऑक्टोबरात गाडी चालवता येत नव्हती. मग गेला कसा? सकाळी हॉबर्टला फोन केला.

"व्हर्लिननं आणलं होतं त्याला, गाडीत घालून. माझ्यादेखत डेल्मरनं त्याला शपथ घातली — ओलेटाला कधी सांगायचं नाही."

दोन महिने मी त्याला चोर म्हणतेय. तो ऐकून घेतोय.