नायजेरियासाठी देव पाण्यात

१० जून १९९८, बुधवार
वर्ल्ड कप सुरू. संकल्प: नायजेरिया चॅम्पियन होईपर्यंत रोजनिशी लिहिणार.

लंच रूममध्ये सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, कप नायजेरियाचा. फोरमन हसला आणि मला ‘कोच’ म्हणाला. हसू दे. नायजेरियात, कडुनाच्या कापड गिरणीत मी पाच वर्षं इंजिनियर होतो. ८० साली नायजेरियाने आफ्रिकन कप जिंकला तेव्हा कामगारांनी मला खांद्यावर घेतलं होतं. जो हाती लागेल त्याला घेत होते, पण मलाही घेतलं. इथे या तिसऱ्याच देशात, क्लेटनच्या गोदामात मी खोक्यांवर लेबलं चिकटवतो. सात वर्षांत माझं एकही म्हणणं कुणी खरं मानलेलं नाही. हे तरी खरं ठरायलाच हवं.

माझ्या बायकोचा, सुनीतीचा निकाल महिनाअखेरीस. पुण्यात ती डॉक्टर होती. इथली डॉक्टरकीची परीक्षा तिसऱ्यांदा दिली आहे. या वेळी नापास झाले तर पुन्हा बसणार नाही म्हणते, जन्मभर आत्तासारखीच नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळी घालीन म्हणते. मी म्हटलं, काळजी करू नकोस. ती म्हणाली, निदान पेपरातून डोकं वर काढून तरी म्हण.

१२ जून, शुक्रवार
पहिलीच मॅच स्पेनशी. झोप नाही. शेवटी निर्णय घेतला. देव पाण्यात.

माझ्या प्रत्येक परीक्षेला आई घालायची. काम झाल्याशिवाय देव बाहेर नाही. देव्हाऱ्यातला पितळी गणपती उचलला, आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ठेवला, पाणी भरलं. डबा कपडे धुवायच्या खोलीत, लॉन्ड्रीत, वॉशिंग पावडरच्या मागे.

सुनीतीचंही मागावं का, असं मनात आलं. पण आई म्हणायची, एका वेळी एकच मागावं. सुनीती हुशार आहे. नायजेरियाचा डिफेन्स नाही. शिवाय गोदामातल्या ऑगस्टिनची बायको बीट्रिस तिच्यासाठी दर रविवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावते. म्हणजे त्या बाजूची सोय झालेली आहे.

१४ जून, रविवार
जिंकलो!! ३-२! दोनदा मागे पडून!

ऑगस्टिनला फोन केला. तो म्हणाला, अरे शिरीष, एक गोल तर त्यांच्या गोलकीपरनेच आत घेतला. मी विचारलं, त्याला ती बुद्धी कुणी दिली? वसईचा माणूस, देवाधर्माचं निघालं की वाद घालत नाही.

१७ जून, बुधवार
घोटाळा.

सुनीती देव्हाऱ्यात गणपती शोधत होती. मी म्हटलं, पॉलिशला काढलाय. तेवढ्यात आमच्या इरावतीने लॉन्ड्रीतून ओरडून इंग्रजीत विचारलं की गणपती आईस्क्रीमच्या डब्यात का बसलाय. पंधरा वर्षांच्या मुलीला कपडे धुवायला हाच दिवस सापडावा!

मी काही बोलायच्या आत सुनीती लॉन्ड्रीच्या फरशीवर बसली आणि रडायला लागली. म्हणाली, माझ्यासाठी तू देव पाण्यात घातलेस? आणि मला वाटत होतं, तुला त्या फुटबॉलपलीकडे काही दिसतच नाही.

पाठीवरून हात फिरवला. तिने गणपती तांब्याच्या पातेल्यात घालून देव्हाऱ्यापाशी ठेवला. मी एकही शब्द खोटा बोललो नाही. बोललोच नाही.

२० जून, शनिवार
बल्गेरियाला १-०. पुढच्या फेरीत.

सुनीती सकाळी पातेल्यापुढे हात जोडून उभी राहते. मीही शेजारी उभा राहतो. दोघांचं मागणं एकदमच पोचत असणार. माझं आधी नोंदवलेलं आहे, त्याला माझा इलाज नाही.

२५ जून, गुरुवार
पॅराग्वेकडून १-३. बिनमहत्त्वाची मॅच. चांगले प्लेयर्स बसवून ठेवले होते. बरं झालं, दृष्ट निघाली.

इतिहास बघावा. ९४ ला आफ्रिकन कप. त्याच वर्षी वर्ल्ड कपला इटलीच्या पुढे होतो, शेवटची दोन मिनिटं उरली होती, आणि गेलं. ९६ ला ब्राझील, अर्जेंटिना दोघांना लोळवून ऑलिम्पिकचं सोनं. ९८ ला काय होणार हे शेंबडं पोरही सांगेल. ब्राझीलविरुद्धची टीम मी ठरवूनसुद्धा टाकली. ऑगस्टिन म्हणतो, आधी डेन्मार्क आहे. डेन्मार्क!

इरावती पातेल्याकडे बघते, मग माझ्याकडे बघते. बोललेली परवडली.

२८ जून, रविवार
सुनीतीचा निकाल उद्याच्या पोस्टाने, माझी मॅच उद्या पहाटे. दोघांनी वरणभात पुढे घेतला आणि तसाच सारला.

तिने माझा हात धरला. म्हणाली, तुला माझ्यापेक्षा जास्त टेन्शन आलंय. खरं आहे.

मागणं बदलावं, असं क्षणभर वाटलं. पण ऐन वेळी देवाला गोंधळात टाकू नये.

२९ जून, सोमवार, सकाळ
तिसऱ्या मिनिटाला गोल. बाराव्याला दुसरा. शेवटी १-४. डेन्मार्क.

कामावर फोन करून ताप आल्याचं सांगितलं. फोरमन म्हणाला, नो वरीज, कोच.

२९ जून, संध्याकाळ
दुपारी पोस्ट आलं. सुनीती नापास.

मी सोफ्यावर होतो, सकाळपासून रडून डोळे सुजलेले. तिने पत्र टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, हे रडणं तिच्या निकालाचंच. शेजारी बसली आणि माझंच डोकं कुशीत घेतलं. म्हणाली, नको रे रडूस. तू देवसुद्धा पाण्यात घातलेस, तुझ्याकडून काही कमी पडलं नाही. पुन्हा बसणार नव्हते, पण बसेन. तुझ्यासाठी बसेन.

मग मला रडू आवरेना. हे सकाळचं नव्हतं. मला ते तिला सांगताही येईना.

ती शिफ्टला गेल्यावर गणपती बाहेर काढला, पुसला. पातेलं चिंचेने घासलं, ताजं पाणी भरलं आणि पुन्हा ठेवला. इरावती दारात उभी होती. इंग्रजीत विचारलं, आता कोणाची मॅच आहे? मी म्हटलं, आईची.

नायजेरियाचं चार वर्षांनी बघू. देवाला सुनीतीचं नाव सांगितलं. तिची डिग्री माहेरच्या नावावर आहे, म्हणून तेही सांगितलं. घोटाळा नको.