मागच्या सीटमागची पेटी

अकोला,
३१ ऑक्टोबर २००६

चि. गोपाल,

थोरल्या बहिणीचे तुला, आचलला आणि घरातल्या सगळ्यांना अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही बरे असाल असे धरून चालते.

हे पत्र शुद्ध भाषेत आणि थंड डोक्याने लिहायचे, असे ठरवून बसले आहे. फोनवर तू "हो ताई, हो ताई" करतोस आणि माझे वाक्य अर्धे असतानाच फोन आचलच्या हातात देतोस. पत्राचे तसे करता येणार नाही.

तुझे भाऊजी ठीक. दुकान चालले आहे म्हणायचे. लोडशेडिंगमुळे शहरातल्या लोकांना इन्व्हर्टर पाहिजे, तेवढ्यावर आमची चूल पेटते. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या मात्र लोक दुरुस्तीला टाकून जातात आणि न्यायला फिरकत नाहीत. बार्शीटाकळीकडच्या कितीतरी फळीवर पडून आहेत. मी आपली त्या चार्ज करून ठेवते. यंदा कापसाने कोणाला हसवले नाही, त्यांना तरी काय बोलणार.

आचलचे अनारसे मस्त जमले होते, तिला सांग. भाऊबीजेला तुमच्याकडून निघताना मी कोणाशी न बोलता एसटीत बसले, ते डोके दुखत होते म्हणून. दिवाळीत तेलकट खाण्यात येतेच. मनात काही धरू नका.

तू बनवलेले विमान छान दिसते. पिवळा रंग खुलला आहे. वाळलेली संत्र्याची झाडे काढून तिथे तू धावपट्टी केलीस, गाव हसले, पण जमीन चांगली दाबून घेतली आहेस. सगळे छान आहे. बॅटरीचे तेवढे पाहायला पाहिजे.

तेवढे म्हणजे, गोपाल, ते थोडकं नाही. अन् माझं डोकं-बिकं काही दुखत नव्हतं. शुद्ध भाषेत मले भांडता येत नाही, तेव्हा ती राहू दे.

काय झालं ते तुले माहीत आहे, पण एकदा माझ्या बाजूनं ऐक. ओवाळणं झालं, अन् तू सगळ्यांले शेडमध्ये नेलं. मी सगळ्यांत पुढं. काहून नाही राहणार? मागच्या उन्हाळ्यात विमान नुसता सांगाडा होतं, तेव्हा त्याच्या पोटात आडवी पडून वायरी कोण टाकत होतं? दर शनिवारी अकोल्याहून एसटीनं येऊन? आमचे शेषराव म्हणत, "माहेरी जाते का नोकरीले जाते?" एकेक वायर माझ्या हातची आहे. तू तेव्हा म्हणाला होता, "ताई, पयल्या दिवशी मागच्या सीटवर तूच." म्हणाला होता की नाही? आचलले विचार, ती चहा घेऊन तिथंच उभी होती.

अन् भाऊबीजेले पाहते तर विमानाच्या अंगावर लाल अक्षरात "गोपाल-गोवर्धन". मागच्या सीटवर गोवर्धनची टोपी. आचलचा भाऊ माणूस म्हणून वाईट नाही. वरूडात त्याची संत्र्याची पॅकिंग नावाजलेली आहे, हेही मले मान्य. पण तो तुझ्या शेडमध्ये आला कधी? पोळ्याले! पोळ्यापासून दिवाळीपर्यंत तो तुझा उजवा हात झाला, अन् मी पाहुणी. मले बसायले खुर्ची दिली तुम्ही, त्याच शेडमध्ये, जिथं मी जमिनीवर लोळून काम केलं.

मग त्यानं ती पेटी दाखवली. मागच्या सीटच्या पाठीशी संत्र्याची लाकडी पेटी, तळाच्या प्लायवूडले खिळ्यांनी ठोकलेली. आत बॅटरी, चारी बाजूंनी भाताचं तणस दाबून भरलेलं, वरून फळ्या मारून बंद. वायरी एका भोकातून बाहेर. गोवर्धन म्हणे, "हालवून पाहा, केसभर हालत नाई." शेजारच्या वामनरावांनी हालवून पाहिली. नाही हालली. ते म्हणाले, "अरे, याच्या पेटीतलं संत्रं कलकत्त्यापर्यंत फुटत नाई, बॅटरी कशी फुटन?" सगळे खूश. तू तर असा पाहून राहिला होता त्याच्याकडं, की जसं विमान त्यानंच बनवलं.

मले त्या वेळी काय झालं, सांगू? आनंद झाला. इतक्या दिवसांत गोवर्धनची एक चूक सापडली म्हणून आनंद झाला, अन् मी तोंड सोडलं. "बॅटरी हाये का संत्रं? हा माणूस विमान मंडीत विकाले नेऊन राहिला काय?" आणखी काय काय. त्याचं शिक्षण काढलं, त्याच्या बापाले मध्ये आणलं. या भरात चूक काय आहे, ते सांगायचंच राहून गेलं. तू म्हणाला, "ताई, तू जळते, बाकी काई नाई." वामनराव हसले, आचल पदरात हसली, अन् मी पिशवी उचलली.

तर आता ऐक. मी जळते. कशी जळते ते तुले कळायचं नाही. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत बसते. तू फोनवर "गोवर्धन म्हणे" असं सुरू केलं की मले त्या दिवशी जेवण गोड लागत नाही. तो वायरीले हात लावत असन, या विचारानं माझ्या अंगाची लाही होते. चाळिशी ओलांडलेली बाई मी, पोरीचं लग्न जुळवायचं सोडून भावाच्या साळ्याचा हेवा करून राहिली. लाज वाटते, पण जात नाही. ते तुझं म्हणणं पूर्ण खरं आहे.

पण मी जळते म्हणून पेटी बरोबर होत नाही, बापा.

संत्र्याले हादऱ्यापासून जपायचं असते, म्हणून तणस. बॅटरीले जागेवर जखडायचं असते. तणस आज घट्ट आहे, पंधरा दिवसांत दबते, हे तर गोवर्धनले माझ्यापेक्षा जास्त माहीत पाहिजे. ट्रॅक्टरवर बॅटरी आपल्या वजनानं बसून राहते, कारण ट्रॅक्टर जमीन सोडत नाही. विमानाले हवा उचलते अन् आपटते. उतरताना चाक कुठं रुतलं, विमान जागीच थांबलं, तर बॅटरी थांबणार नाही. दहा किलोची वस्तू तेव्हा मणामणानं जड होऊन पुढं येते. ते खिळे प्लायमधून भसकन निघतील. पुढं काय आहे? मागच्या सीटवरच्या माणसाची पाठ, अन् त्याच्यापुढं तू.

अन् गॅसचं काय? आमच्या दुकानात जिथं बॅटऱ्या चार्ज होतात तिथली खिडकी थंडीतही उघडी काहून असते, हे तू लहानपणी दहा वेळा विचारलं आहे. विमानातही ती उडताना चार्ज होणार, गॅस सोडणार. बंद पेटी, आत वाळलं तणस, एक टर्मिनल ढिलं झालं की ठिणगी. बाजूनं पेट्रोलची नळी गेली आहे. वर असताना उतरून पळणार कुठं तू?

पेटी काढ. बॅटरी बसवायची चौकट मी बनवून देते. मागच्या सीटवर कोण बसायचं ते तुझं तू पाह्य, मी त्यावर एक शब्द बोलणार नाही. १९ तारखेले उडणार म्हणतो, त्याच्या आधी पेटी काढलेली मले कळव.

तुझी, भांडकुदळ असली तरी तुझीच,
ताई


अकोला,
१३ नोव्हेंबर २००६

श्री. गोवर्धनराव यांस,

बेबी शेषराव यांचा नमस्कार. तुमच्या घरी सगळे खुशाल असोत. माझे पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटून राहिले आहे.

गोपालले मी बॅटरीबद्दल सविस्तर लिहिलं होतं. उत्तर मले आलं नाही, शेषरावांले फोनवर आलं. "भाऊजी, ताईले समजवा. तिचं सगळं दुखणं गोवर्धनचं हाये. पेटी जराबी हालत नाई, अन् रविवारी आमी उडून राहिलो." शेषराव मले म्हणाले, आता तू गप राह्य. मी दोन दिवस गप राहून पाहिलं. जमलं नाही.

मी स्वतः येऊन सांगितलं तर गोपाल त्याच पेटीवर आणखी चार खिळे मारील. लहानपणापासून तसाच आहे, मी उजवं म्हटलं की तो डावीकडं. तुमचं मात्र ऐकते. हे वाक्य लिहायले मले चहा पिऊन यावं लागलं, पण ते खरं आहे, म्हणून लिहिलं.

आमच्या ओळखीचा ट्रकवाला देवमन वरूडले संत्रा भरायले रिकामा ट्रक घेऊन येऊन राहिला, त्याच्यासोबत एक खोकं धाडलं आहे. त्यात नवी बॅटरी आहे, बंद जातीची. पाणी टाकायचं नाही, विमान कलंडलं तरी तेजाब सांडत नाही. लोखंडी अँगलची चौकट आहे, ती मी समोर उभी राहून वेल्डिंग करून घेतली. चौकट प्लायवूडले लावू नका, विमानाच्या पाइपांले बोल्टनं आवळा. सैल न होणारे नट दिले आहेत, तेच वापरा. बॅटरी आत ठेवली की वरून पट्टी येते. पट्टीले आतून रबर आहे, ते काढू नका, नाहीतर पट्टी टर्मिनलले लागून आग होईन. दोन्ही टर्मिनलवर टोप्या घाला. वायर जिथं पत्र्यातून जाते तिथं भोकाले रबरी कडी बसवा, फ्यूज बॅटरीच्या जवळ ठेवा, अन् मेन स्विच असा लावा की गोपालचा हात पट्टा बांधलेला असतानाही पोहोचला पाहिजे. पेट्रोलची नळी दुसऱ्या अंगानं घ्या. तणसाची एक काडी आत राहता कामा नये.

झालं की पेटीसारखं हालवून पाहू नका. दोन्ही हातांनी बॅटरी पुढं ओढा, मग वर उचला, सगळा जोर लावून. विमान हाललं पाहिजे, ती नाही. ही बॅटरी जुनीपेक्षा हलकी आहे, त्यामुळं तोल बदलन. तुमच्या पॅकिंगच्या काट्यावर शेपटीचं वजन परत घ्या. काट्याचं काम तुमच्याएवढं तिथं कोणाले येत नाही, म्हणून तेही तुम्हीच करा.

तुम्ही म्हणाल, हिचं काहून ऐकू? मग एकच करा. मागच्या सीटवर बसा, अन् हात मागं नेऊन चाचपा. तुमची पाठ अन् ती पेटी यांच्यात एक पातळ फळी आहे. त्या सीटसाठी मी तुमच्यावर जळली, अजून जळते, पण तुमची पाठ मोडावी असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. म्हणजे, एकदा आलं होतं, भाऊबीजेच्या संध्याकाळी एसटीत. बडनेऱ्यापर्यंत टिकलं. मग मले तुमच्या आईचा चेहरा आठवला अन् मीच घाबरली.

तुमच्या वडिलांवरून मी बोलली, ते बोलायले नको होतं. त्याची माफी मागते. बाकीचं मागं घेत नाही.

आता मुद्द्याचं. हे सगळं तुम्हाले सुचलं, असं गोपालले सांगा. "मी इचार केला, तणसाचं बरोबर नाई वाटत, अकोल्याहून सामान मागवलं," एवढं म्हणा. तो खूश होईन. "काय डोकं चालते बे तुह्यं!" म्हणीन, तुमची पाठ थोपटीन, चारचौघांत सांगत फिरीन. मलेही फोन करीन, "पाह्य ताई, तू नुसती बोंबलली, करून दाखवलं गोवर्धननं." मी म्हणीन, "हुशार आहे पोरगा." तेवढं मी म्हणून घेईन, त्याची काळजी तुम्ही करू नका. माझं नाव मात्र निघू देऊ नका. नाव निघालं की तो चौकट काढून फेकीन.

वाचून झालं की हे पत्र चुलीत घाला. आचललेही दाखवू नका, तिच्या पोटात काही राहत नाही.

रविवारी मी दुकान उघडणार नाही. सकाळपासून फोनपाशी बसीन. सुखरूप उतरले की मले कळवाल, एवढी माणुसकी तुमच्यात आहे, हे मले माहीत आहे. पण तो फोन तुम्ही करू नका, गोवर्धनराव. त्याले करू द्या.

गोपालची ताई,
आणि एवढ्या एका कामापुरती तुमचीही,
बेबी