नववीचं सोपं गणित

आप्पा,

तुमच्या नातीसाठी गणिताचं पुस्तक आणलंय. गेलं वर्षभर शोधत होते. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, ती जन्मायच्या कितीतरी आधी गेलात, त्यामुळं सगळं पहिल्यापासून सांगायला लागणार, आणि अर्धवट सांगितलेलं तर तुम्हाला कधीच चाललं नाही. "आधी दिलेलं काय ते सांग, मग काढायचं काय ते सांग, मग हात चालव," असं फळ्यावर खडू आपटत म्हणायचात. तर दिलेलं असं, की मुलगी एकुलती एक, पंधराव्या वर्षात आहे आणि शाळेत जात नाही. काढायचं असं, की तिला नववीचं गणित घरी बसून कुठल्या पुस्तकातनं शिकवायचं. इतकं साधं गणित होतं, आणि मी पहिल्याच ओळीला चुकले.

आठवीत असताना तिला ताप आला. आधी साधा वाटला, मग एका सकाळी ती मला ओळखेना. मेंदूला सूज आली होती. दवाखान्यातले ते दिवस मी लिहीत नाही, माझ्याच्यानं होणार नाही. ती जगली, चालत घरी आली, आणि बोलायला तर आधीपेक्षा दुप्पट लागली. इथल्या पोरी बोलतात तशी 'मी जातो, मी येतो' करते, उलटी उत्तरं देते, नकला करते. मी लहानपणी 'मी येतो' म्हटलं की तुमची भुवई वर जायची, तिचं ऐकलं असतंत तर कपाळाला हात लावला असतात. डॉक्टरांनी कागदावर मेंदू काढून दाखवला आणि म्हणाले, बोलण्याची बाजू वाचलीय, आकड्यांचं काय होईल ते आत्ता सांगता येत नाही. मी त्यातलं पहिलं वाक्य घेऊन घरी आले. दुसरं तिथंच टेबलावर राहिलं.

मग फिट येऊ लागल्या. शाळेत, भर वर्गात, बाकाचा कोपरा लागून भुवई फाटली. मुख्याध्यापिका बाईंनी बोलावून चहा पाजला आणि फार गोड शब्दांत सांगितलं की जबाबदारी घ्यायला जमणार नाही. कोथिंबिरीच्या पेंडीवरनं भाजीवालीशी भांडणारी मी, तिथं नुसता दाखला घेतला आणि उठले. पावणे-रावळे म्हणाले, आईच गणिताची मास्तरीण, मग अडचण कसली, घरी शिकव, दहावीला बाहेरून बसव. मलाही तेच वाटत होतं, कारण मी खरंच मास्तरीण आहे. बी.एस्सी. झाल्यापासून राजारामपुरीत पुढच्या खोलीत शिकवण्या घेते. संध्याकाळी नववी-दहावीची पोरं दाटीवाटीनं बसतात आणि 'ए प्लस बी होल स्क्वेअर' एका सुरात म्हणतात. त्यांच्या आयांना रस्त्यावरनं तो आवाज ऐकू आला की बरं वाटतं. तुम्ही असता तर मला त्या पोरांसमोर बाकावर उभं केलं असतंत.

तर पुस्तक. मला 'सोपं' पुस्तक पाहिजे होतं. सरकारी नववीचं घेतलं, ते मला तोंडपाठ, पण धड्याच्या दुसऱ्या पानावरच ते धावायला लागतं. मुक्त शाळेची पुस्तकं मागवली, ती इंग्रजीतली, जाड, दुष्काळी रंगाची. मोबाईलवर एका मास्तरचं शिकवणं लावलं, तो बाबा इतका ओरडून बोलायचा की ती कानावर हात ठेवून म्हणाली, "मम्मी, ह्याला आधी पाणी दे." शेवटी एका मैत्रिणीनं सांगितलं म्हणून परदेशी पद्धतीचा एक संच मागवला, घरी शिकणाऱ्या मुलांसाठीच केलेला, गुळगुळीत कागद, रंगीत आकृत्या, आईनं कुठलं वाक्य कधी बोलायचं तेसुद्धा छापलेलं. एकेक पुस्तक आलं की मी आधी स्वतः वाचायची, पेन्सिलनं खुणा करायची, हे स्पष्ट आहे, हे गोलमाल आहे. नवरा फौंड्रीतनं यायचा, काळे हात धुता धुता नवीन खोकं बघायचा. एकदा म्हणाला, "आगं, पुस्तकं बदलून काय हुतंय? तिला घड्याळात किती वाजलं ते सांगता येत न्हाय." मी म्हटलं, "तुम्ही तुमची फौंड्री बघा." तो हात पुसत आत गेला. त्याचं चुकलं काहीच नव्हतं, म्हणूनच मला राग आला होता.

आणि माझ्याकडं त्याच्या तोंडावर मारायला पुरावा होता. एका संध्याकाळी पुढं पोरांचा गलका चालला होता आणि ही आत मटार सोलत बसली होती. पोरं दम घ्यायला थांबली, आणि आतनं हिचा आवाज आला, ए स्क्वेअर प्लस टू एबी प्लस बी स्क्वेअर. थांबली नाही. घनाचं सूत्र म्हणाली, वर्गसमीकरणाचं सूत्र म्हणाली, वर्गमुळाच्या चिन्हासकट, एक अक्षर इकडं-तिकडं नाही. पोरांना लवकर सोडलं. शिरा केला, बेदाणे घालून. त्या दिवसापासून रोज एकदा म्हणवून घ्यायची तिच्याकडनं, पावण्यांसमोर सुद्धा. गणित आत आहे, फक्त वर काढायला नीट पुस्तक पाहिजे, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. तो परदेशी संच त्याच भरात मागवला होता.

तुमच्या पुढं हे चाललं नसतं. गडहिंग्लजकडच्या त्या आपल्या गावात तुम्ही शाळेत सर आणि घरात आप्पा. वर्गात चुकून 'आप्पा' म्हटलं तर तास संपेपर्यंत उभी होते, आठवतंय? मी सातवीत होते. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसून चहा पिताय, आणि मी एका दमात म्हणतेय, त्रिकोणाचं क्षेत्रफळ, एक छेद दोन, गुणिले पाया, गुणिले उंची. मला वाटलं शाबासकी मिळणार. तुम्ही कप खाली ठेवून म्हणालात, "जा, मागच्या दारच्या अक्काला सांगून ये. तिला कळलं तर तुला आलं." अक्का तिच्या गोठ्यापुढं म्हैस धूत होती, शेजारीण असून शाळेचं तोंड न बघितलेली. मी तिला तेच तसंच म्हणून दाखवलं. ती म्हशीची पाठ घासत म्हणाली, "अर्धंच का गं? राहिलेलं अर्धं कुठं गेलं?" मी परत येऊन रडत म्हटलं, "आप्पा, ती अडाणी हाय, तिला काय कळतंय." तुम्ही कधी हात उचलला नाही, पण त्या दिवशी उचलला असतात तर बरं झालं असतं. "तिला कळंना म्हणजे तुला कळलेलं न्हाय. आणि तिला अडाणी म्हणणार असशील तर माझ्या घरात जेवू नको." आईनं थापती भाकरी तशीच धरली. मग तुम्ही वर्तमानपत्राचं पान कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं कापलंत, दोन्ही तुकडे माझ्या हातात दिलेत आणि परत पाठवलंत. अक्कानं लुगड्याला हात पुसले, एक तुकडा दुसऱ्यावर ठेवून बघितला आणि म्हणाली, "व्हय की. ह्यो त्याचा जोडीदार." मला जेवायला मिळालं.

पुढं ती आपल्या घरातली रीतच झाली. पुस्तक कुठलंही असो, धडा कुठलाही असो, रात्री ताटावर बसलं की तुमचा एकच प्रश्न, "अक्काला सांगून आलीस?" ती भांडी घासायची, शेणी थापायची, मी बाजूला बसून तिला गुणोत्तर सांगायची. कधी तिला कळायचं, कधी ती म्हणायची, "आज माझं डोकं जाग्यावर न्हाय, उद्या ये." मी दहावी झाले तेव्हा तुम्ही तुमची जुनी पत्र्याची कंपासपेटी मला दिलीत. ती अजून माझ्याकडं आहे. तिच्यात आता पोरीच्या फिटच्या गोळ्या असतात, झाकण घट्ट बसतं म्हणून.

गेल्या आठवड्यात तो संच उघडून पहिल्या धड्याला बसलो. सकाळची वेळ, घरात आम्ही दोघीच. तिनं 'ए प्लस बी'चं सूत्र म्हटलं, अगदी सुरात. पुस्तकात छापलं होतं की आता आईनं 'छान' म्हणावं. माझ्या तोंडातनं भलतंच आलं. तुमचंच आलं. ओढणी डोक्यावर घेऊन मी म्हटलं, "आता मी अक्का. मी म्हैस धुतोय. मला सांग बघू हे काय हाय ते." अक्काच्या गोष्टी तिनं माझ्याकडनं शंभरदा ऐकल्यात. ती खदखदून हसली, "अक्के, म्हैस कुठाय?" मी कागदाचा चौकोन कापला, कडेवर खुणा केल्या. हे ए, हे बी. ए म्हणजे काय गं? "ए." आणि बी? "बी." मी म्हटलं, बरं, ए च्या जागी तीन घेऊ, बी च्या जागी दोन. सगळी कड केवढी झाली? ती बोटं मोजायला लागली. मध्येच थांबली, परत पहिल्यापासून. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "सहा?" माझं तोंड बघितलं. "चार?" आप्पा, ही नजर मला पाठ आहे. ज्या पोराला काही येत नाही ते अशीच बाईच्या तोंडावरनं उत्तर वाचतं. शिकवणीत असलं पोर मी पहिल्या दिवशी ओळखते.

मी ओढणी काढली नाही. काढली असती तर रडले असते. तीच म्हणाली, "अक्काला न्हाय कळलं ना?" मी मान हलवली. "मला पण न्हाय कळत, मम्मी. लहानपणापास्नं पुढच्या खोलीतनं ऐकलंय, म्हणून तोंडात बसलंय. गाण्यागत." मी विचारलं, मग म्हणतेस कशाला गं रोज? तिनं कागदाचा चौकोन उचलला, दुमडला, परत उलगडला. "मी म्हटलो की तुझं तोंड बरं होतंय. त्या दिवशी तू शिरा केलतीस."

त्या क्षणी मला तिचा राग आला नाही, तुमचा आला. खरं सांगते, कडकडून आला. दुसऱ्यांच्या बापांनी पोरींना पाठांतर शिकवलं, त्या सुखात असतील. तुम्ही ती अक्का माझ्या मानगुटीवर बसवून गेलात. नाहीतर अजून वर्षभर मी 'छान' म्हणत धडे उलटले असते, तिनं सूत्रं म्हटली असती, दोघींचंही बरं चाललं होतं. मग कळलं की बरं माझ्या एकटीचंच चाललं होतं. ती आजारातनं उठल्यापासून माझ्या तोंडाकडं बघून घर चालवत होती, आणि मी नववीचं सोपं पुस्तक शोधत होते, कारण ते पुस्तक टेबलावर असेपर्यंत ती नववीत होती. हे पुस्तक माझ्यासाठी होतं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मला वाटलं तुला ठावं हाय." खोकं माळ्यावर टाकायला त्यानं मदत केली.

आज तिला मागं बसवून महाद्वार रोडला गेले. नेहमीचं दुकान. दर जूनला शिकवणीच्या पोरांची पुस्तकं मी तिथनं घेते, दुकानदार मला लांबनं बघूनच दहावीच्या गठ्ठ्याकडं वळतो. गाडीवर येताना ठरवून आले होते की पहिलीचं मागायचं. दुसरीचं मागावं असं सारखं मनात येत होतं, तेवढंच एक वर्ष वाचेल, पण काल विचारलं तर मोठं कुठलं, सात की नऊ, तेसुद्धा तिला सांगता आलं नव्हतं. तेव्हा पहिलीचंच. पहिल्या पानापासून. उद्या सकाळी बसायचं, मीच अक्का व्हायचं, आणि तिनं मला एक म्हणजे काय ते सांगायचं. होईल का, कुठवर होईल, मला माहीत नाही. डॉक्टरांचं ते टेबलावर राहिलेलं वाक्य आता घरी आलंय.

हे सगळं मी लिहून काढलं, पण ऐकवायचं कुणाला? तुम्ही नाही. अक्काही तुमच्या मागोमाग गेली. ती असती तर एस.टी.त बसून गेले असते आणि मागच्या दारात तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं असतं. तिला कळलं असतं तर मलाही कळलं असतं. आता हे कागद दुमडून पुस्तकाच्या पिशवीतच ठेवते.

आणि दुकानात काय झालं ते अजून सांगितलं नाही. मी पहिलीचं गणित मागितलं. दुकानदार म्हणाला, "पहिलीचं? कुणाला ओ मॅडम?" ती माझ्या शेजारीच उभी होती, दंडाला दंड लावून. मी म्हटलं, "धाकटीला." तो म्हणाला, "धाकटी बी हाय व्हय तुम्हाला? कधी बघितली न्हाय." मी पिशवीत पैसे शोधायला लागले. तेवढ्यात ही काउंटरवर वाकून म्हणाली, "हाय की काका. लई ढ हाय. मोठी चित्रं असलेलं द्या तिला." दुकानदार मोठ्यानं हसला. आप्पा, मी पण हसले.