बाल्दोमेरोचा निळा

४ नोव्हेंबर

ग्रिसेल्दाचं दार निळं झालंय! कालपर्यंत पिवळं होतं, पोपडे निघालेलं. आज टेकडीचा जिना उतरताना बघतो तर — निळं. तेही साधं नाही. बाल्दोमेरोच्या होडीचं, जरा जांभळ्याकडे झुकणारं.

होडी रंगवून उरलेला रंग कोळी असा कुणालाही देत नाही. जिथे मन, त्या घराला रंग. आमच्या टेकडीवर शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे.

मिशा पांढऱ्या झाल्यात त्या बाल्दोमेरोच्या! पण होडी आहे. माझ्याकडे काय — पायातले बूट.

रात्री परत तळलेला मासा. आईला म्हटलं, रोज रोज मासा? म्हणाली, "मिळतोय तर खा गुपचूप." बाबांच्या कपात चहा ओतून बाहेर पायरीवर जाऊन बसलो. बाबा गेल्यापासून तो कप माझा.

५ नोव्हेंबर

दिवसभर टेकड्या पालथ्या घातल्या. म्हटलं, त्यानं दहा घरांना रंग वाटला असेल तर प्रश्नच मिटला.

शाईचा निळा दिसला, मोरपंखी दिसला, आकाशी तर गल्लोगल्ली. तो नाही. मध्येच एक जण भिंतीवर भला मोठा ऑक्टोपस काढत होता, त्याची शिडी धरून उभा राहिलो — आठ पाय होईपर्यंत! त्यानं अर्धा पाव दिला, त्यातला अर्धा मागे लागलेल्या कुत्र्यानं खाल्ला.

टेकडीवर रुळांवरून चढणाऱ्या लिफ्टचा म्हातारा म्हणाला, "काय हरवलंय, पोरा?"

"निळा रंग."

"मग वर कशाला चाललास? खाली समुद्र आहे, पोतंभर घेऊन जा!"

दुकानवाल्या सुनिल्दामावशी तर नेहमीच्याच. "गावभर हिंडतोस, स्वतःच्या घरी कधी जातोस रे?"

शेवटी धक्क्यावर गेलो. होडीवर हात ठेवून बघितलं. तोच निळा. बाल्दोमेरो जाळं शिवत होता. "काय लिसांद्रो, आई बरी आहे ना?"

"तुम्हाला काय करायचंय?"

हसला. कागदात गुंडाळून एक मासा दिला. मी तो वळणावरूनच समुद्रसिंहांना भिरकावला. भांडले मेले त्याच्यावरून. बरं वाटलं.

६ नोव्हेंबर

ग्रिसेल्दाकडे गेलो नाही. दोनदा गेलो नाही.

७ नोव्हेंबर

गेलो. ती दोरीवर चादर टाकत होती. सरळच विचारलं, "रंग कुणी दिला?"

"तुझ्या आईनं."

"खोटं!"

"खोटं कशाला? खिडकी रंगवून उरला म्हणाली, ने."

"कुठली खिडकी?"

"अरे गाढवा, तुमचीच! स्वयंपाकघराची, मागची. घरी नुसता झोपायला गेल्यावर दिसणार कशी?" मग माझं तोंड बघून तिच्या ध्यानात आलं. "म्हणजे तुला वाटलं — मी आणि तो म्हातारा?" चादरीत तोंड खुपसून हसत सुटली. मग एकदम थांबली. "आणि वाटलं तर वाटलं, तुला एवढं का झोंबलं?"

पळत सुटलो, थेट घराच्या मागे.

निळी. चौकटीच्या कोपऱ्यात आईच्या अंगठ्याचा ठसा.

८ नोव्हेंबर

सकाळी बाल्दोमेरो आमच्या स्वयंपाकघरात. बाबांच्या कपातून चहा पितोय.

आई म्हणाली — तू दुसरा घे.